स्पॅनिशमधील आज्ञा : आधी ‘नको’ शिकावे

वाचकाचे पत्र : मी मूळची साखळीची असून मांद्रे येथे किनाऱ्याजवळच्या एका योगवर्गात शिकवते. हंगामात आमच्याकडे स्पेन, मेक्सिको आणि अर्जेंटिना येथून पाहुणे येतात. त्यांतील अनेकांना इंग्रजी फारसे कळत नसल्यामुळे मी मोबाईलवरच्या ॲपवरून स्पॅनिश शिकू लागले. ‘हात वर घे’, ‘श्वास सोड’ एवढे आता जमते. पण अमुक करू नकोस असे सांगायची वेळ आली की गाडी अडते. मध्यंतरी तोल सांभाळायच्या एका आसनात एका बाईंना डोळे मिटू नका असे सांगायचे होते, म्हणून मी ‘नो सिएर्रा लोस ओखोस’ असे म्हटले, तर त्या इकडेतिकडे पाहत ‘कोण?’ असे विचारू लागल्या. शिवाय वयाने मोठ्या माणसांना एकेरीत आज्ञा करणे मला अवघड वाटते. त्यातच अर्जेंटिनाच्या एका पाहुण्याने माझे ‘सिएन्ताते’ हसत हसत ‘सेन्ताते’ असे दुरुस्त केले. पोर्तुगीज काळात लिसेवात शिकलेले माझे आजोबा म्हणतात की, हे सगळे पोर्तुगीजमध्ये असेच आहे, मी शिकवतो. त्यांच्याकडून शिकावे का, हेही सांगावे.

सप्रेम नमस्कार.

त्या बाईंनी ‘कोण?’ असे विचारले, यात त्यांचे काही चुकले नाही. तुम्ही उच्चारलेले वाक्य मोडके नव्हते. ते पूर्ण आणि शुद्ध होते, फक्त त्याचा अर्थ ‘ती डोळे मिटत नाही’ असा होता. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणून केलेली होकारार्थी आज्ञा आणि ‘तो किंवा ती अमुक करते’ हे साधे विधान या दोहोंचे रूप बहुतेक क्रियापदांत एकच असते. ‘सिएर्रा’ म्हणजे ‘मिट’ आणि ‘सिएर्रा’ म्हणजेच ‘ती मिटते’. नेमके काय म्हणायचे आहे ते प्रसंगावरून आणि आवाजाच्या चढउतारावरून कळते. मात्र त्याच्या आधी ‘नो’ लावला की आज्ञेचा अर्थ उरतच नाही आणि केवळ विधान शिल्लक राहते. म्हणून वर्गात कोणीतरी एक बाई डोळे मिटत नाही, अशी तक्रार तुम्ही करीत आहात असे त्यांना वाटले असणार. निषेधाची आज्ञा करायची तर क्रियापदाचे रूपच बदलावे लागते आणि ते ‘नो सिएर्रेस लोस ओखोस’ असे होते.

स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाला हा बदल विनाकारण त्रास देणारा वाटतो, कारण त्याच्या भाषेत आज्ञेच्या आधी नकार जोडला की काम भागते. मराठी माणसाने मात्र याचे नवल करण्याचे कारण नाही. आपण ‘तू मिटतेस’ असे विधान करतो, ‘मिट’ अशी आज्ञा करतो आणि निषेध करताना ‘मिटू नकोस’ असे म्हणतो. ‘मिट नको’ असे कोणी म्हणत नाही. आता या तीन रूपांच्या शेवटाकडे नीट पाहा. विधानात ‘स’ आहे, आज्ञेत तो गळाला आहे आणि निषेधात तो परत आला आहे. स्पॅनिशमध्येही अगदी हेच घडते : ‘सिएर्रास’ म्हणजे तू मिटतेस, ‘सिएर्रा’ म्हणजे मिट आणि ‘नो सिएर्रेस’ म्हणजे मिटू नकोस. शाळेतले संस्कृत आठवत असेल तर ‘गच्छसि’, ‘गच्छ’ आणि ‘मा गमः’ ही रूपे शेजारी मांडून पाहावीत, कारण त्यातला विसर्ग हा मूळचा ‘स’च आहे. लॅटिनमध्येही हाच क्रम होता आणि स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन्ही भाषा लॅटिनच्या पोटच्या आहेत. तेव्हा ‘स’ कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा, हे तुम्हाला नव्याने घोकण्याची गरज नाही. तुमच्या जिभेला ते ठाऊक आहे.

नवीन आहे तो शेवटच्या स्वरातला बदल. ज्या क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’ने संपते त्याच्या निषेधात ‘ए’ येतो, आणि जे ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपते त्याच्या निषेधात ‘आ’ येतो. ‘लेवांतार’ म्हणजे उचलणे, म्हणून ‘लेवांता लोस ब्रासोस’ म्हणजे हात वर घे, पण ‘नो लेवांतेस लोस ब्रासोस’; ‘दोब्लार’ म्हणजे दुमडणे, म्हणून ‘दोब्ला ला रोदिया’ म्हणजे गुडघा दुमड, पण ‘नो दोब्लेस ला रोदिया’. याच्या उलट ‘आब्रीर’ म्हणजे उघडणे, म्हणून ‘आब्रे’ आणि ‘नो आब्रास’. ‘सुबीर’ म्हणजे वर नेणे किंवा चढणे, म्हणून ‘सूबे’ आणि ‘नो सूबास’. हा बदल कोणत्या रूपावर करायचा, हे ठरवण्याची रीतही सोपी आहे : ‘मी करतो’ या अर्थाचे रूप घ्यावे, त्याच्या शेवटचा ‘ओ’ काढावा आणि तेथे उलट स्वरासह ‘स’ बसवावा.

येथे मी पाठ्यपुस्तकांच्या आणि तुमच्या ॲपच्या क्रमाच्या विरुद्ध सल्ला देणार आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत होकारार्थी आज्ञा आधी येते आणि निषेधाची आज्ञा बऱ्याच उशिरा, वरच्या पातळीवर येते. तुम्ही हा क्रम उलटा करावा आणि ‘नको’ आधी शिकावा. कारण असे की, सोपी म्हणून आधी शिकवलेली होकारार्थी आज्ञाच अपवादांनी भरलेली आहे. ‘दी’ म्हणजे सांग, ‘आस’ म्हणजे कर, ‘बे’ म्हणजे जा, ‘पोन’ म्हणजे ठेव, ‘साल’ म्हणजे बाहेर पड, ‘से’ म्हणजे हो किंवा अस, ‘तेन’ म्हणजे जवळ ठेव किंवा धर, आणि ‘बेन’ म्हणजे ये. ही आठ रूपे कोणत्याच नियमात बसत नाहीत आणि ती पाठच करावी लागतात. आता त्यांचेच निषेध पाहा. ‘मी ठेवतो’ याला ‘पोंगो’ म्हणतात, म्हणून ‘नो पोंगास’. ‘माझ्याकडे आहे’ याला ‘तेंगो’, म्हणून ‘नो तेंगास’. ‘मी येतो’ याला ‘बेंगो’, म्हणून ‘नो बेंगास’. त्याच न्यायाने ‘साल्गो’वरून ‘नो साल्गास’, ‘दीगो’वरून ‘नो दीगास’ आणि ‘आगो’वरून ‘नो आगास’. आठांपैकी सहा निमूटपणे नियमात आली. उरलेल्या दोघांची ‘नो बायास’ आणि ‘नो सेआस’ ही रूपे तेवढी लक्षात ठेवावी लागतात. ज्यांचे ‘मी’चे रूप ‘ओ’ने संपत नाही अशी मोजकीच क्रियापदे निषेधात नियम मोडतात, आणि त्यांतले तुमच्या कामाचे आणखी एक म्हणजे ‘एस्तार’, ज्याचा निषेध ‘नो एस्तेस’ असा होतो व त्यात जोर शेवटच्या अक्षरावर येतो.

तुमच्या वर्गात फार उपयोगी पडणारे ‘मान्तेन ला एस्पाल्दा रेक्ता’, म्हणजे पाठ ताठ ठेव, हे वाक्यही ‘तेन’च्याच कुळातले आहे. ‘तेन’चे मूळ रूप ‘तेनेर’; त्याच्या आधी काहीही जोडले तरी आज्ञा तशीच आखूड राहते, आणि निषेध ‘तेंगास’सारखाच होतो, श्वास रोखू नकोस याला ‘नो कोन्तेंगास ला रेस्पिरासियोन’ म्हणतात. तसेच ‘नो फुएर्सेस’ हे दोन शब्द आजच पाठ करावेत. जोर लावू नकोस, असा त्याचा अर्थ आहे आणि योग शिकवणाऱ्याला याहून मोलाचा निषेध क्वचितच लागत असेल.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. रोमन लिपीतून शिकणाऱ्यांना निषेधाच्या रूपात अक्षरे बदलताना दिसतात आणि ते घाबरतात. ‘तोकार’, म्हणजे स्पर्श करणे, याच्या निषेधात लेखनातले एक अक्षर जाऊन दोन येतात. पण तो बदल केवळ ‘क’चा उच्चार ‘क’च राहावा यासाठी आहे. देवनागरीत ‘तोका’ आणि ‘नो तोकेस’ असे लिहिले की काहीच बदललेले नाही हे उघड दिसते. तुम्हाला स्पॅनिश लिहायचे नसून वर्गात बोलायचे आहे, त्यामुळे सुरुवातीची वही खुशाल देवनागरीत ठेवावी. स्पॅनिशचे ‘त’, ‘द’, ‘प’ आणि ‘क’ आपल्या मराठी वर्णांच्या पुष्कळच जवळचे आहेत, हा आणखी एक फायदा.

मोठ्यांना एकेरीत आज्ञा करण्याचा तुमचा संकोच रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही निषेधातूनच मिळते. स्पॅनिशमध्ये आदरार्थी ‘उस्तेद’ आहे आणि त्याची आज्ञा करण्यासाठी निषेधाच्या रूपातला शेवटचा ‘स’ काढून टाकणे एवढेच करायचे असते. ‘नो सिएर्रेस’वरून ‘सिएर्रे लोस ओखोस’ म्हणजे डोळे मिटा आणि ‘नो सिएर्रे’ म्हणजे मिटू नका. येथे होकार आणि नकार यांचे रूप एकच राहते. शेवटी ‘न’ लावला की अनेकांना उद्देशून आज्ञा झाली : ‘सिएर्रेन’, ‘नो सिएर्रेन’. म्हणजे एक निषेध नीट शिकलात की त्यातून आदरार्थी आणि अनेकवचनी आज्ञाही हाती येतात, तर ॲपवर आधी शिकलेल्या ‘सिएर्रा’तून यातले काहीच निघत नाही. शिवाय बोलण्याच्या ओघात शेवटचा ‘स’ निसटला तर तुमचे बोलणे फार तर अधिक आदराचे होते, म्हणून चुकायचेच असेल तर या बाजूला चुकावे. आंदालुसिया किंवा कॅरिबियन बेटांकडील पाहुणे तर हा ‘स’ स्वतःच इतका हलका उच्चारतात की तो तुम्हाला ऐकू येणार नाही. तेव्हा त्यांनी तुम्हाला ‘उस्तेद’ म्हटले असा समज करून घेऊ नये.

तरीही प्रत्येक वेळी ‘उस्तेद’ वापरावे असे मी म्हणणार नाही. स्पेनमध्ये दुकानात, व्यायामशाळेत आणि योगवर्गात अनोळखी प्रौढ माणसेही एकमेकांना सर्रास ‘तू’ म्हणतात. योगायोगाने शब्दही आपलाच आहे. तेथील चाळिशीच्या पाहुण्याला ‘उस्तेद’ म्हटले तर तो आपण एवढे वयस्कर दिसतो काय, असे मनात म्हणेल. मेक्सिकोत मोठ्यांशी ‘उस्तेद’ अधिक शोभते, तर कोलंबियातील बोगोता परिसरात अनेक घरांत आप्तही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात आणि त्यात दुरावा नसतो. माझ्या मते सत्तरीच्या पुढच्या पाहुण्यांना ‘उस्तेद’ने सुरुवात करावी आणि त्यांनी स्वतः ‘तू म्हण’ असे सांगितले की निःसंकोच ‘तू’वर यावे. एकेरी म्हणजे अनादर, हे समीकरण आपल्याकडेही खरे नाही. आपण वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, पण आईला आणि विठ्ठलाला ‘तू’च म्हणतो. स्पॅनिश ख्रिस्तीही ‘पाद्रे नुएस्त्रो’ या प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणतात, आणि त्या छोट्याशा प्रार्थनेत ‘लीब्रानोस’ ही होकारार्थी आज्ञा आणि ‘नो नोस देखेस’ ही निषेधाची आज्ञा, दोन्ही आहेत. पोर्तुगीज परंपरेत मात्र त्याच प्रार्थनेत देवासाठी आदरार्थी ‘वोस’ येते, हे तुमच्या आजोबांना विचारून पाहा.

पूर्ण वर्गाला एकदम सूचना देताना काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण अडचण तेथेही येईलच. स्पेनमध्ये अनेकांसाठी ‘वोसोत्रोस’ आहे आणि त्याची आज्ञा ‘लेवांताद’ अशी ‘द’ने संपते, अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये ते रूप रोजच्या बोलण्यात नाही. तो ‘द’ स्पेनच्या लोकांनाही झेपतो असे नाही. ‘तुम्ही सगळे जा’ याचे पुस्तकी रूप ‘ईदोस’ असे होते; परंतु बहुतेक लोक ‘ईरोस’ म्हणतात, आणि अखेर २०१७ साली स्पेनच्या ‘रेआल आकादेमिया एस्पान्योला’ या भाषासंस्थेने तेही मान्य केले. तुम्ही या फंदात पडू नये. स्पॅनिश बोलणारे योगशिक्षक संपूर्ण वर्गासमोरही पुष्कळदा ‘तू’चीच आज्ञा वापरतात, जणू प्रत्येकाशी वेगळे बोलत आहेत, किंवा ‘लेवांतामोस लोस ब्रासोस’, म्हणजे आपण हात वर घेतो, असे साधे विधान करतात. दोन्ही पद्धती सर्व देशांच्या पाहुण्यांना चालतात.

अर्जेंटिनाच्या पाहुण्याने केलेल्या दुरुस्तीमुळे नाउमेद होऊ नये. तुमचे ‘सिएन्ताते’ बरोबर आहे आणि त्याचे ‘सेन्ताते’ही बरोबर आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेतील काही देशांत ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात. पोर्तुगीज प्रार्थनेतले ‘वोस’ आदराचे, तर हे घरगुती सलगीचे. याची आज्ञा जुन्या अनेकवचनी रूपातला शेवटचा ‘द’ गळून झालेली आहे, म्हणून तिच्यात जोर शेवटच्या अक्षराकडे सरकतो आणि ‘सिएर्रा’ऐवजी ‘सेर्रा’ असे ऐकू येते. या पद्धतीत त्या हट्टी आठांपैकी बहुतेक रूपे वळणावर येतात, म्हणजे ‘बेन’ऐवजी ‘बेनी’ आणि ‘पोन’ऐवजी ‘पोने’. ‘जा’साठी मात्र ‘आंदा’ हा वेगळाच शब्द वापरतात. तुम्ही हे ओळखावे, बोलण्याचा आग्रह धरू नये. आणि निषेधात तर अर्जेंटिनाचा माणूसही सहसा ‘नो सिएर्रेस’ असेच म्हणतो, म्हणजे तुमचा ‘नको’ तेथेही चालतोच.

‘सिएन्ताते’ निघालेच आहे म्हणून सर्वनामाविषयी थोडे सांगतो. बसणे, आडवे होणे, सैल होणे या क्रियांसोबत स्पॅनिशमध्ये ‘स्वतःला’ अशा अर्थाचे ‘ते’ येते. होकारार्थी आज्ञेत ते शेवटी चिकटते आणि निषेधात सुटून पुढे येते : ‘सिएन्ताते’, पण ‘नो ते सिएन्तेस’. चिकटल्यावर शब्द लांब होतो, तरी जोर मूळच्याच अक्षरावर राहतो, आणि हे सांभाळले नाही तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. आडवे व्हा हे सांगायला स्पेनमध्ये ‘तूम्बाते’ आणि अमेरिका खंडात ‘आकुएस्ताते’ जास्त ऐकू येते.

सराव वर्गाबाहेर बसून करू नये. तुम्ही रोज ज्या सूचना देता त्या आधी मराठीत लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीचा आधी निषेध, मग आज्ञा अशी जोडी करून, ते ते आसन स्वतः करताना मोठ्याने म्हणावी. ‘नो लेवांतेस’ म्हणताना हात खाली हवेत, ‘लेवांता’ म्हणताना वर जायला हवेत. चुकीच्या सूचनेने कोणाचा गुडघा दुखावू शकतो, म्हणून निषेध तोंडात पक्का बसेपर्यंत एक सुरक्षित आडवाट वापरावी. ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, आणि त्याच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप न बदलता ठेवता येते. ‘लेवांता ला पिएर्ना सिन दोब्लार ला रोदिया’ म्हणजे गुडघा न दुमडता पाय वर घे. येथे निषेधाचे रूप लागतच नाही आणि वाक्य अस्सल स्पॅनिश राहते. रूक्षपणाची भीती वाटत असेल तर ‘उन पोकीतो’, म्हणजे थोडेसे, किंवा ‘देस्पासियो’, म्हणजे सावकाश, हे शब्द जोडावेत. प्रत्येक सूचनेला ‘पोर फावोर’ लावण्यापेक्षा ते अधिक सहज वाटते. थकलेल्या पाहुण्याला ‘आस लो के पुएदास’, म्हणजे जमेल तेवढे कर, असे म्हणावे.

आता आजोबांविषयी. त्यांच्याकडून अवश्य शिकावे, कारण या प्रकरणात त्यांचे म्हणणे खरे आहे. १९६१ पूर्वी लिसेवात शिकलेल्या माणसाच्या कानात पोर्तुगीजचा ‘तू’ पक्का असतो. आणि पोर्तुगीजमध्येही ‘फेशा’ म्हणजे मिट, ‘नांव फेशेश’ म्हणजे मिटू नकोस, ‘सेंता-ते’ म्हणजे बस आणि ‘नांव ते सेंतेश’ म्हणजे बसू नकोस, असाच स्वरबदल आणि सर्वनामाची अशीच ये-जा आहे. त्यांना निषेध विचारावा आणि त्यांनी तो न अडखळता सांगितला की त्याच साच्यात तुम्ही स्पॅनिश क्रियापद घालावे. तीन गोष्टी मात्र त्यांच्याकडून घेऊ नयेत. त्यांच्या शब्दांच्या शेवटचा ‘श’ स्पॅनिशमध्ये ‘स’ होतो. पोर्तुगीजमध्ये नसलेला ‘इए’ आणि ‘उए’ हा जोडस्वर ‘सिएन्ताते’ व ‘फुएर्सेस’ यांत स्पष्ट उच्चारावा लागतो. आणि काही क्रियापदे जवळची असूनही एखाद्या वर्णाने वेगळी आहेत. आजोबा गुडघा दुमडायला ‘दोब्रा’ सांगतील, तुम्ही वर्गात ‘दोब्ला’ म्हणावे.